विचारायचं राहून गेलं



माझं शिक्षण हिंदी माध्यमातलं; मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

शाळेच्या गणेशोत्सवात एका विद्यार्थ्याची आई सलग चार वर्षं प्रसादाचं काम बघत होत्या. काम चोख, म्हणून दरवर्षी आम्ही त्यात भर घालत गेलो. आधी हिशेब, मग मंडप, मग बालनाट्याचे कपडे. पाचव्या वर्षी त्या आल्याच नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुम्ही कधी विचारलंच नाही. गृहीत धरलंत."

ते शब्द मनाला लागले.

आमच्या एक सहकारी शिक्षिका दर रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवतात. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली गरीब मुलांसाठी अशी रविवारची शाळा काढली, तेव्हा शिकवणाऱ्यांना पैसे मिळत; पुढे हे काम स्वयंसेवकांनी उचललं. मी त्यांना विचारलं, "बिनपगारी माणसं टिकतात कशी?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एका वर्षापुरतंच विचारतात. जोडीला एक नवीन माणूस देतात. वर्ष संपलं की आभार मानून मोकळं करतात. मग आम्हीच पुन्हा नाव देतो."

यंदा 'स्वयंसेवक हवेत' अशी सूचना फळ्यावर लागणार नाही. मी पालकांना नावाने, एकाच कामासाठी, दोन तासांसाठी विचारणार आहे. 'जमणार नाही' म्हणालात तरी राग नाही.

त्या ताईंच्या घरी मात्र स्वतः जाणार आहे. चार वर्षांचे आभार मानायचे राहिले आहेत.