कोल्ह्याच्या तोंडाचा कारकून

दुष्टांविषयी बोलायचे झाले की साहित्याचे विद्यार्थी थोर दुष्टांकडेच वळतात, असा आमचा अनुभव आहे. मिल्टनचा सैतान बोलू लागला की मागच्या बाकावरचा विद्यार्थीही मान वर करतो. आपल्याकडे रावणाच्या विद्वत्तेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, आणि मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनासाठी भासाने एक अख्खे नाटक खर्ची घातले आहे. पण ज्यांच्यावर कोणी नाटक लिहीत नाही अशा दुष्टांचे काय? अशा एका जमातीशी आमची गाठ कशी पडली, आणि ती पडूनही तिची ओळख पटायला आम्हांला किती वर्षे लागली, हा आजच्या लेखाचा विषय आहे. ही जमात पुराणांतली नव्हे, एका खेळातली आहे. सुज्ञ वाचकांनी भुवया उंचावण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे ही विनंती.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि एक जण सूत्रधार होऊन उरलेले सारे जग होतो. संकटात काय घडले ते फासे ठरवतात. या जगात भेटणाऱ्या प्राण्यांचा एक जाडजूड कोश १९७७ साली ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या नावाने निघाला. त्यात आपला राक्षसही आहे! वाघाच्या तोंडाचा, ऐटीत पाईप ओढणारा आणि मंतरलेल्या बाणाने मरणारा. तो पाहून आम्ही प्रथम हसलो होतो. परंतु आपला म्हणून ज्याच्याकडे आम्ही कौतुकाने पाहत राहिलो, तो मुळी दुर्लक्षित नव्हताच. दुर्लक्षित निराळेच होते.

त्यासाठी या खेळाचे नीतिशास्त्र पाहावे लागते. ते नऊ घरांच्या एका चौकटीत मावते. एका बाजूस सुष्ट, तटस्थ व दुष्ट. दुसऱ्या बाजूस नियमबद्ध, तटस्थ व स्वैर. जो नियमबद्ध आणि दुष्ट, तो डेव्हिल. त्याच्या नरकात उतरंड आहे, करारपत्रे आहेत, हुकूमशाहीची शिस्त आहे. जो स्वैर आणि दुष्ट, तो डीमन. त्याला विध्वंसाखेरीज काही नको. या दोघांचे अनादी वैर हे पुढे या खेळातील एक महायुद्ध होऊन बसले. मधल्या घरात जो उरला तो ना शिस्तीचा, ना विध्वंसाचा. तो दोन्ही सैन्यांना भाड्याने मिळतो. इतकेच नव्हे, मोबदला वाढवून मिळाला तर लढाईच्या मध्यावर बाजूही बदलतो.

या तिसऱ्याच्या नशिबी नावही धड आले नाही. १९७८ साली तो एका साहसकथेच्या पुस्तिकेत प्रथम अवतरला, तेव्हा त्याला ‘डीमन’च म्हटले होते, फरक फक्त इंग्रजी वर्णलेखनात एका जास्तीच्या अक्षराचा. देवनागरीत तर पहिला डीमन कोणता आणि तिसरा कोणता हे सांगण्याची सोयच नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील धर्मभीरू पालकांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप केला, आणि १९८९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही सारी नावे टाकून नवी घडवली. तिसऱ्याच्या वाट्याला ‘युगोलॉथ’ हे नाव आले. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत डीमन आणि डेव्हिल ही जुनी नावे सन्मानाने परतली. युगोलॉथ मात्र युगोलॉथच राहिला, आणि त्या आवृत्तीच्या मुख्य राक्षसकोशात तर त्याला जागाही मिळाली नाही. ज्यांच्यावर आरोप झाले त्यांचे पुनर्वसन झाले. ज्याच्यावर कोणी बोट ठेवले नव्हते तो पुरवणीत गेला.

या जमातीतही एक उपजात आहे, अर्कानालॉथ. कोल्ह्याचे तोंड, अंगात पायघोळ झगा, हातात ग्रंथ. त्याला जगातील सर्व भाषा लिहिता-बोलता येतात. युगोलॉथांचे करारमदार तोच लिहितो, हिशेब तोच ठेवतो. पैसे मिळाले तर तो तह घडवून आणील, आणि मिळाले तर युद्धही. याच खेळात ‘लार्वा’ नावाचा एक जीवही आहे: माणसाएवढा पिवळट किडा, तोंडवळा विद्रूप माणसाचा. जे केवळ स्वार्थी म्हणून जगले त्यांचे मरणोत्तर रूप ते हे. नरकातल्या चेटकिणी त्यांचा व्यापार करतात. तेथे तेच चलन. जन्मभर प्रत्येक गोष्टीची किंमत करणारा शेवटी स्वतःच नाणे होतो, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला आम्ही मनोमन नमस्कार केला आहे.

परंतु हा नमस्कार पुष्कळ नंतरचा. सुमारे वीस वर्षांपूर्वी, एका मित्राच्या भाड्याच्या खोलीत, झेरॉक्स केलेल्या नियमपुस्तकांवर आम्ही पाच जण हा खेळ खेळत होतो. सूत्रधार झालेल्या मित्राने दोन सरदारांचे युद्ध रचले होते. एकाच्या गढीत डीमनांची फौज, दुसऱ्याच्या गढीत डेव्हिलांची. चार रविवार खपून आम्ही दोन्ही गढ्या घेतल्या. दोन्हीकडे कचेरीत एक कारकून बसलेला होता, झगा घातलेला, लिहिण्यात गढलेला. आमच्यापैकी एकाने त्याला वाट विचारली. त्याने नम्रपणे दाखवली. विजयाचा चहा पिताना सूत्रधाराने विचारले, “दोन्ही गढ्यांत कारकून एकच होता, हे कोणाच्या लक्षात आले का?” कोणाच्याच आले नव्हते. दोन्ही फौजांना जगात येण्याचे दार ज्या दोन करारपत्रांनी उघडले, ती त्याच्याच हस्ताक्षरात होती. आम्ही तलवारींशी लढलो, आणि लेखणीला वाट विचारून पुढे गेलो.

तेव्हा हा आम्हांला सूत्रधाराचा खट्याळपणा वाटला. पुढे दान्ते वाचला तेव्हा थोडे चमकलो. ‘इन्फर्नो’च्या तिसऱ्या सर्गात नरकाच्या उंबरठ्यावरच, ज्यांनी देवाशी द्रोह केला नाही आणि निष्ठाही ठेवली नाही, केवळ स्वतःपुरते पाहिले, असे देवदूत भेटतात. त्यांना स्वर्ग ठेवून घेत नाही आणि नरकही आत घेत नाही. गांधीलमाश्या त्यांच्या घोळक्याला डसतात, आणि त्यांचे रक्त व अश्रू पायांशी किडे पितात. त्या घोळक्यातल्या एकाचेही नाव दान्ते घेत नाही, आणि व्हर्जिल तर त्यांच्याविषयी बोलत बसण्याच्याही विरुद्ध आहे. म्हणजे तटस्थ दुष्टाकडे दुर्लक्ष करण्याची परंपरा या खेळाहून बरीच जुनी आहे.

आमच्या घरचा कोल्हा तर त्याहूनही जुना. पंचतंत्रातील दमनक आधी सिंह आणि बैल यांची मैत्री जुळवून देतो, मग दोघांच्या कानांशी लागून ती मोडतो. बैल मरतो, दमनक मंत्रिपदी राहतो, आणि गोष्ट संपते. दमनकाला बैलाचा द्वेष नव्हता. त्याला दरबारात जागा हवी होती. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ही कथा अरबीत नेली, तेव्हा तीत दमनकावरील खटल्याचे एक प्रकरण आले. ते त्याच्याच पदरचे असावे असे अभ्यासक सहसा मानतात. हा कोल्हा बिनाशिक्षेचा सुटावा हे बहुधा त्या चिटणिसाला, जो स्वतः राजदरबारी लेखणी चालवीत होता, सोसले नसावे.

असो. विद्वत्ता पाजळण्यासाठी हे लिहिलेले नाही. जे सांगायचे आहे ते आम्ही लांबवीत आहोत, इतकेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचे मानधन दीड वर्ष थकले होते. त्याने आमच्याकडून अर्ज लिहून घेतला. आम्ही तो मनापासून लिहिला. चांगला उतरला होता. आठवड्याने वरून निरोप आला: अर्जाला उत्तर द्यायचे आहे, तुमची भाषा चांगली आहे, मसुदा करून द्याल का? आम्ही करून दिला. अर्जातील कच्चा दुवा कोठे आहे हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यावर आम्ही नेमके बोट ठेवले. त्या क्षणी आमच्या मनात त्या मुलाविषयी तिळमात्र वाईट भावना नव्हती. दोन्ही बाजूंकडे आपले नाव चांगले राहावे, एवढीच इच्छा होती. पुढच्या सत्रात त्याला तास मिळाले नाहीत.

मधले घर कोणाचे ते आम्हांला त्या रात्री कळले. त्या घरात राहायला द्वेष लागत नाही, महत्त्वाकांक्षाही फार लागत नाही; दोन्ही डगरींवर हात ठेवून बसता आले की पुरे. आणि तेथे बसणारा दिसत नाही, कारण जो तो तलवार कोणाच्या हाती आहे हे पाहण्यात गुंतलेला असतो. आम्ही विद्यार्थ्यांना वीस वर्षे सैतानाची भाषणे समजावून सांगत आलो. त्याच नरकात मसुदे कोण लिहीत असेल, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही.

तो सहकारी निरोप घ्यायला आला तेव्हा हसून म्हणाला, “सर, काही असो, अर्ज मात्र तुम्ही झकास लिहून दिला होतात.” आम्ही त्याला चहा पाजला. दोन्ही मसुद्यांच्या प्रती अजून आमच्याकडे आहेत, एकाच फायलीत.