सोडियम कमी झालं, पण का?

उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं : "म्हाताऱ्याचं सोडियम उतरलं, सलाईन लावलंय."

यंदा पाळी माझ्या मामांची. चालताना तोल जायचा, बोलणं असंबद्ध. रक्तातलं सोडियम १२२. हवं १३५ ते १४५. डॉक्टरांनी सलाईनआधी लघवी तपासायला पाठवली. घरचे कुरकुरले, "रक्त तपासलं ना, आता हे कशाला?"

कशाला, तर सोडियम कमी आहे एवढंच रक्त सांगतं. ते का कमी झालं, याचा माग लघवीत लागतो. लघवीत सोडियम २० च्या खाली असेल तर मूत्रपिंड मीठ धरून ठेवतंय. जुलाब-उलट्यांनी शरीर सुकलं असेल तर सलाईन कामाला येतं. हृदय, यकृताच्या आजारातही आकडा असाच दिसतो. ४० च्या वर असेल तर मीठ लघवीवाटे चाललंय. मग औषधं, हार्मोन तपासायचे. अशा काही रुग्णांत सलाईनने सोडियम आणखी उतरतं.

मामांचा आकडा ६८. बीपीच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध होतं. डॉक्टरांनी ते बदललं, सोडियम सावकाश वर आणलं. घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

ही तपासणी आपल्या सरकारी दवाखान्यात होत नाही, नमुना जिल्ह्याला जातो. रुग्ण कल्याण समितीने उन्हाळ्यापुरती तरी सोय करावी. आणि मंडळी, दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मनानं गोळी बंद करू नका.