वाघ, रात्रीचं ओलित अन् देव

शेतकरी भाऊहो, नोव्हेंबर २०१९ मध्ये आमच्या मिहानात वाघ फिरत होता. वनखात्याच्या कॅमेऱ्यातही आला. तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं अन् थ्री फेज लाईन रात्रीचीच. घरची म्हणे, "जाऊ नका." भेव तर मलाही होतं, पण पीक कोण वाचवणार? वाघोबाला हात जोडून निघायचो.

वाघ एकदाही दिसला नाही. त्यानं मात्र मला पाहिलं असंल. वाघ होता होई तो माणसाला टाळतो. ही बुद्धी त्याला देवानंच दिली, असं मी मानतो. देवाची मदत अशीच, न दिसणारी.

पण भरोसा म्हणजे बेफिकिरी नाही. रात्री ओलिताला दोघं जा, टॉर्च ठेवा, मोठ्यानं बोला, एकटं वाकून बसू नका. एवढं आपलं काम, बाकी त्याचं.