माळ्यावरची शेगडी : परभणी जिल्ह्यातील जुन्या वस्तूंच्या शोधात

परभणीला दर फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक (रह.) यांचा उर्स भरतो. दर्गा रोडवर दुकानांच्या रांगा लागतात आणि मुस्लिमांइतकेच हिंदू कुटुंबेही मुलाबाळांसह येतात. मिठाई, खेळणी, बांगड्या, चादरी यांच्या गर्दीत भांड्यांची दुकानेही असतात. यंदा आम्ही उर्साला गेलो, ते जियारत झाल्यावर जिल्ह्यात चार दिवस फिरायचे ठरवूनच. आम्हाला जुन्या कोळशाच्या शेगड्या पाहायच्या होत्या. ज्यांच्यावर आपल्या दाद्या-नान्यांनी कबाब भाजले, दूध तापवले आणि थंडीत हात शेकले, त्या शेगड्या आता कुठे आहेत, कोणाकडे आहेत आणि कोण घेतो आहे, हे जाणून घ्यायचे होते.

अमेरिकेत हा मोठा छंद आहे. शिकागोजवळ पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग केले, खालच्या भागाला पाय लावले, वरच्या भागाचे झाकण केले आणि वेबर कंपनीची गोल ग्रील जन्माला आली. आज तिथले शौकीन तिच्या जुन्या, क्वचित मिळणाऱ्या रंगांसाठी गावोगाव फिरतात. 1979 पासूनच्या ग्रीलच्या झाकणावरील हवेच्या चकतीवर वर्ष सांगणारी अक्षर-खूण ठोकलेली आढळते, ती वाचून वय ठरवतात. जपानमध्ये तर ज्याला बाहेरचे लोक ‘हिबाची’ म्हणून मांस भाजायची शेगडी समजतात, ती मुळात राखेत निखारे ठेवून खोली ऊबदार करण्याचे भांडे. भाजण्यासाठी तिकडे ‘शिचिरिन’ नावाची वेगळी मातीची छोटी शेगडी असते. आपल्याकडे कारखान्याचे अक्षर नाही, यादी नाही, पुस्तक नाही. पण वस्तू आहेत, आणि त्या वाचण्याची पद्धतही आहे.

परभणी जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. म्हणून इथल्या जुन्या घरांतील भांडीकुंडी पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी दिसतात. लग्नाचे सामान हैदराबादहून यायचे. पैसे हाली सिक्क्यात मोजले जायचे. भांड्यावर नाव कोरायचे ते बहुधा उर्दूत, आणि खाली सन. हा सन वाचताना फसगत होते. संस्थानात हिजरीबरोबर फसली सनही चालत असे. सरकारी कागद, जमिनीचे व्यवहार, पावत्या यांवर फसलीच असे. भांड्यावर 1340 असा आकडा असेल आणि तो हिजरी असेल तर इसवी सन 1921-22 येतो. तोच आकडा फसली असेल तर त्यात 590 मिळवायचे, म्हणजे 1930-31. घरातल्या कोणाच्या लग्नाचे वर्ष माहीत असेल तर दोन्हींपैकी कोणते बरोबर ते लगेच कळते.

परभणी शहरात आम्ही आधी जुन्या भांड्यांच्या दुकानांत चौकशी केली. दुकानदारांनी ‘शेगडी’ म्हटल्यावर गॅसची शेगडी दाखवली! कोळशाची म्हटल्यावर एकाने मागच्या खोलीतून पत्र्याची बादली काढली. आतून मातीचा जाड लेप, मध्ये लोखंडी जाळी, खाली राख काढायला चौकोनी तोंड. ही सर्वांत साधी आणि सर्वांत जास्त सापडणारी शेगडी. संग्राहक तिला फारशी किंमत देत नाहीत, कारण आतला लेप तडकला की ती जाते आणि पत्रा गंजतो.

त्याहून वरची पायरी बिडाच्या शेगडीची. बीड म्हणजे ओतीव लोखंड. तीन किंवा चार पाय, जाड जाळी, खाली हवेसाठी बिजागरीचे छोटे दार. ती पडली तर तडकते, म्हणून पूर्ण अवस्थेत मिळणे अवघड. शेगडी सापडते पण जाळी दुसरीच असते, किंवा दार हरवलेले असते. जाळी आणि दार दोन्ही मूळचे असलेली बिडाची शेगडी आम्हाला चार दिवसांत एकच दिसली आणि ती विकाऊ नव्हती. त्या घरची आजी हिवाळ्यात अजून तिच्यावर पाणी तापवते.

तिसरा प्रकार कबाबाची लांब सिगडी. लोखंडाच्या जाड पत्र्याची पन्हळ, चार पाय, दोन्ही काठांवर सळ्या टेकवायला खाचा. जुनी आणि नवी ओळखायला काठ आणि कोपरे पाहावेत. जुन्या सिगडीचे कोपरे रिव्हेट ठोकून जोडलेले असतात, नवीचे वेल्डिंगने. खाचाही पाहाव्यात. वर्षानुवर्षे सळी फिरवून झिजलेली खाच गुळगुळीत आणि गोलसर होते, करवतीने नुकतीच पाडलेली खाच टोकदार राहते. सिगडीबरोबर तिच्या मूळच्या सळ्या मिळाल्या तर ते मोठे भाग्य. खिम्याची सळी चपटी किंवा चौकोनी असते, गोल नसते, कारण गोल सळीवर सळी फिरते आणि खिमा तसाच राहतो. हे गोल सळ्या विकणाऱ्या नव्या दुकानांना अनेकदा ठाऊक नसते, पण रस्त्याच्या कडेला पाल टाकून विळे-खुरपी घडवणाऱ्या घिसाडी कारागिराला ठाऊक असते. जिंतूर रोडवर अशाच एका कारागिराने आमच्यासमोर चौकोनी सळी ठोकून, टोकाला पीळ देऊन मूठ करून दिली.

जिंतूरहून आम्ही पाथरीकडे वळलो. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ या गावाशी जोडले जाते. आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पाथरी ताब्यात घेण्यासाठी निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. अशा गावात जुनी घरे आणि जुने माळे असणारच. इथे आम्हाला दोन वस्तू पाहायला मिळाल्या, ज्या मुंबईच्या चोर बाजारात पाहताच हातोहात जातात. एक, पितळी अंगीठी, नक्षीदार पायांची, जिच्यात निखारे ठेवून बाळंतिणीची खोली ऊबदार करत आणि वर लोबान टाकत. दुसरी, पितळेची कोळशाची इस्त्री, जिच्या झाकणाच्या कडीवर छोटा कोंबडा बसवलेला असतो. कोंबडा मूळचा आहे की मागून बसवलेला, यावर तिची किंमत ठरते.

चौथी मोठी वस्तू तांब्याचा बंब. खरे तर तो ग्रील नव्हे, पण निखाऱ्याच्याच कुटुंबातला. मधोमध नळी, तिच्यात जळता कोळसा, भोवती पाणी. संग्राहक तोटी, वरचे झाकण आणि खालचा राखेचा भाग तिन्ही एकाच बंबाचे आहेत का ते पाहतात. घेण्याआधी चुंबक जवळ न्यावा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

पूर्णा हे जिल्ह्याचे जंक्शन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथून हैदराबाद-मनमाड मीटरगेजच्या गाड्या धावल्या आणि अनेक वर्षे त्या कोळशावरच चालल्या. इंजिनाच्या राखेतून अर्धवट जळालेले कोळसे वेचून शेगडी पेटवणारी घरे इथल्या वयस्कर मंडळींना आठवतात. घरोघरी बाभळीचा कोळसा यायचा, पण वेचलेल्या कोळशाला पैसे लागत नसत. वाफेची इंजिने गेली, रॉकेलचा स्टोव्ह आणि गॅस आला. ज्या घरात आज दोन सिलिंडर आहेत त्या घरातली शेगडी माळ्यावर गेली, आणि माळ्यावरून एक दिवस मोडीत.

इथेच आम्हाला थांबावेसे वाटते. आमच्या प्रवासात शेगडी शोधणाऱ्यांपेक्षा ती मोडीत घालणारे जास्त भेटले. भंगारवाला किलोने घेतो. त्याला बीड म्हणजे बीड आणि तांबे म्हणजे तांबे. नाव कोरलेले असो वा नसो, भाव तोच. त्याच्याकडून ती मोठ्या शहरातल्या दुकानात गेली की तिचा ‘अँटिक’ होतो आणि किंमत वजनाशी संबंधच ठेवत नाही. यात भंगारवाल्याचा दोष नाही, तो त्याचा व्यवसाय करतो. पण विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत ते माहीत असायला हवे. आणि घेणाऱ्याला माहीत असून समोरच्या बेवा बाईला माहीत नसेल, तर तिला खरी किंमत सांगून मग सौदा करावा. वस्तूतला ऐब लपवू नये हे आपल्याला शिकवलेच आहे. वस्तूचे मोलही लपवू नये, असे आम्हाला वाटते.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक आहे. एका गावात आम्हाला तांब्याच्या पातेल्यांसह एक अंगीठी दाखवण्यात आली. काठावर एका बाईचे नाव होते. विकणारा तिचा नातू. ‘तुमच्या फुफ्फींना विचारले का?’ असे आम्ही विचारले, तर तो गप्प झाला. आपल्याकडे घर-जमिनीची वाटणी होते तेव्हा निदान बोलणे तरी होते. भांडी मात्र ज्याच्या ताब्यात घर, त्याची होऊन जातात. दादीच्या दहेजातले भांडे हा तिचा माल होता. तिच्या मागे तो तिच्या सर्व वारसांचा, आणि त्यात मुलीही आल्या. किलोभर तांब्याचे पैसे थोडे असतील, पण हिस्सा थोडा असला तरी हिस्साच असतो. शिवाय अनेकदा बहिणीला पैसे नकोच असतात, तिला ती शेगडीच हवी असते. आम्ही त्या दिवशी ती अंगीठी घेतली नाही. आधी फुफ्फींना फोन कर, एवढेच सांगून निघालो. संध्याकाळी त्याचाच फोन आला : अंगीठी मानवतला चालली आहे, धाकट्या फुफ्फीकडे.

ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बिडाची शेगडी सोड्याने किंवा तेजाबाने घासू नका. कोरड्या ब्रशने गंज काढा, तेलाचा हात फिरवा आणि मंद निखाऱ्यावर तापू द्या. पितळेची जुनी झाक चिंचेने घासून काढली तर संग्राहकाच्या लेखी किंमत कमी होते. मात्र ज्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवायचे आहे त्याला कल्हई हवीच. कल्हईशिवाय त्यात दही, चिंच, टोमॅटो घालू नये. कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील 232 अंशांना वितळते, म्हणून रिकामे भांडे निखाऱ्यावर ठेवू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत कबाब भाजू नका. तापल्यावर त्याचा धूर अपायकारक असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : पेटलेली शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. थंडीत दरवर्षी अशा बातम्या येतात. जुनी वस्तू सांभाळायची तर तिच्याबरोबरची जुनी काळजीही सांभाळली पाहिजे.

विकायचीच वेळ आली, आणि गरज कोणावरही येते, तर आधी फोटो काढा, नाव आणि सन कागदावर उतरवून घ्या, दोन ठिकाणी भाव विचारा. शेगडी, जाळी, दार, सळ्या वेगळ्या विकू नका. चारही मिळूनच ती शेगडी असते.

आणि विकायची नसेल तर तिला शोकेसमध्ये बसवण्यापेक्षा अंगणात आणा. येत्या ईद-उल-अजहाला पहिली कलेजी तिच्यावर भाजा. खिम्याला धुंगार द्यायला निखारा तिच्यातून घ्या, बिर्याणीच्या डेगेच्या झाकणावर ठेवायचे निखारेही तिच्यातूनच. कोळसा कसा रचायचा, ज्वाळ बसून पांढरी राख धरेपर्यंत का थांबायचे, हे मुलांना तेव्हाच समजते. दादीचे नाव कोणत्या लिपीत कोरले आहे हे विचारायलाही त्यांना तेव्हाच सुचते. मग तो उर्दू अक्षरांतला सन हिजरी की फसली, याचा हिशेब त्यांनाच करायला लावा.