बिऱ्हाड हलवण्याआधीचा हिशेब

मे महिन्यात आमच्या मिस्टरांच्या कंपनीत नोटीस लागली. अंबरनाथचा प्लांट टप्प्याटप्प्याने बंद होणार आणि काम वापीला जाणार. ज्यांना यायचे असेल त्यांनी पंधरा दिवसांत नाव द्यावे, ज्यांना यायचे नसेल त्यांचा कायद्याप्रमाणे हिशेब होईल. कायद्याप्रमाणे म्हणजे भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मिस्टरांची अकरा वर्षे भरली आहेत. अकरा पंधरे एकशे पासष्ट दिवस. साडेपाच महिन्यांचा पगार खिशात घालून बेचाळिसाव्या वर्षी माणसाने कोणाच्या दारात उभे राहायचे?

त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "अगं, आम्ही बुलढाण्याहून आलो तेव्हा एक ट्रंक आणि एक सतरंजी होती. वापी काय परदेशात आहे?" त्यांचे बरोबर होते. १ मे १९६० पर्यंत वापी आणि अंबरनाथ एकाच मुंबई राज्यात होते. रेल्वेने गेले तर आमच्या गावापेक्षा वापी कितीतरी जवळ. पण राज्य बदलते म्हणजे नेमके काय बदलते, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. आम्ही फक्त भाडे बदलते असे समजत होतो.

मिस्टर आणि त्यांचे दोन सोबती एका रविवारी वापीला जाऊन आले. पहाटे निघाले, दिव्याहून वसईची गाडी, वसईहून पुढची. येताना एका कागदावर सगळे भाव लिहून आणले होते. मी मुलीची जुनी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे अंबरनाथ आणि उजवीकडे वापी लिहिले.

अंबरनाथला खोलीचे भाडे ४,८०० रुपये. वापीला छीरी भागात तेवढीच खोली ३,२००. इथला पगार १५,५००, तिथला १८,०००. भाड्यात १,६०० वाचले, पगारात २,५०० वाढले, मिळून महिना ४,१००. वर्षाचे ४९,२००. मी हा आकडा दोनदा तपासला. एवढी रक्कम आमच्या घरात एकरकमी कधी दिसली नव्हती. मिस्टर म्हणाले, "दोन वर्षांत गावाकडच्या घरावर पत्रे पडतील." सासूबाईंनी तर मनात सामान बांधायलाही घेतले.

भाजी, दूध, किराणा यांत फार फरक दिसला नाही. विजेचा मालक वेगळा मीटर लावून ९ रुपये युनिटने पैसे घेतो, म्हणजे तिथे थोडे जास्तच. रेशनची मला भीती वाटत होती, पण ती निघाली. आमचे कार्ड अन्नसुरक्षेचे आहे आणि आता 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे माणशी पाच किलो धान्य कोणत्याही राज्यातल्या दुकानात अंगठा लावून घेता येते. ईएसआयचा नंबर आणि प्रॉव्हिडंट फंडाचे खातेही माणसाबरोबर जाते. आमच्या सासऱ्यांच्या वेळी नाव कापा, नाव चढवा, यातच वर्ष जायचे. एवढी सोय झाली हे मान्य केले पाहिजे.

पण हळूहळू उजवीकडच्या रकान्यात वजाबाक्या येऊ लागल्या.

पहिली माझ्या शिलाईची. आमच्या आळीत मी ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश शिवते. महिन्याला सरासरी २,५०० मिळतात. गिऱ्हाईक काही टेम्पोत भरून नेता येत नाही. नव्या गावात बायका ओळखीच्या होईपर्यंत वर्ष जाणार. म्हणजे ३०,००० गेले. मिस्टरांच्या कागदावर हे नव्हते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. बाईची मिळकत घरात असते तोवर दिसत नाही, एवढेच.

दुसरी, २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० मला मिळतात. ते महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांसाठी. वर्षाचे १८,००० गेले. दोन्ही मिळून ४८,०००. एकोणपन्नास हजार दोनशेमधून उरले बाराशे. वर्षाला बाराशे! त्यात टेम्पोचे भाडे आणि नव्या खोलीचे डिपॉझिट अजून मांडलेच नव्हते.

मग मोटारसायकल. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला घेऊन तिथे नव्याने नोंदवावी लागते, तिथला कर भरावा लागतो आणि इथे भरलेल्या कराचा परतावा मागत बसावे लागते. मेहुणी गावाकडून ज्वारी घेऊन येते, ती एस.टी.च्या अर्ध्या तिकिटात. बायकांचे हे अर्धे तिकीट मार्च २०२३ पासून आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. भाकरीचे पीठ महाग पडेल ही चिंता हसण्यासारखी वाटेल, पण आमच्या घरात गव्हाची पोळी सणाला असते.

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तेव्हा अंकलेश्वर पहिले आणि वापी दुसरे होते. हे मी मिस्टरांना सांगितले तर ते म्हणाले, "आणि डोंबिवली?" डोंबिवलीही त्याच यादीत होती. आणि आमच्या वालधुनीचे पाणी ज्याने पाहिले त्याने दुसऱ्याच्या नदीला नावे ठेवू नयेत. तेव्हा हा मुद्दा मी वहीत लिहिला नाही.

धाकटा पाचवीत आहे. गुजरातने २०२३ साली कायदा करून पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा केला. आपण मराठीसाठी तसाच कायदा २०२० साली केला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पोरगा सहा महिन्यांत गुजराती शिकेल, कदाचित बापाला शिकवेल.

खरा प्रश्न मोठ्या मुलीचा होता, आणि तो आमच्या वहीत कुठेच नव्हता. तिने यंदा दहावीला ८१ टक्के मिळवले. तिला नर्सिंगला जायचे आहे.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर चपला घालता घालता मी ही गोष्ट आमच्या काकांना सांगितली. काका समाजकल्याण खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी वही पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सूनबाई, भाड्याचा हिशेब छान मांडलास. दाखल्याचा मांडलास का?"

मी म्हटले, "काका, जातीचा दाखला तर आहेच की. मुलीचा, मिस्टरांचा, सगळ्यांचा आहे."

"आहे, पण कोणत्या राज्याचा?"

मग त्यांनी पायरीवर बसून जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ घरांवर ही वेळ येते. अनुसूचित जातींची यादी घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते. आपली जात दुसऱ्या राज्याच्या यादीत असली तरीही, कामधंद्यासाठी तिथे गेलेल्या माणसाला त्या राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण गेले होते. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या आदिवासी दाखल्याच्या विद्यार्थ्याला इथल्या वैद्यकीय कॉलेजात राखीव जागा हवी होती, ती मिळाली नाही. ३० ऑगस्ट २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुन्हा तेच सांगितले.

"म्हणजे मुलगी तिथे कोण?" मी विचारले.

"तिथल्या सरकारी कॉलेजात खुल्या वर्गातली. दाखला रद्द होत नाही, जातही जात नाही. रेल्वे, पोस्ट, बँक, केंद्राच्या नोकऱ्या, तिथे दाखला चालतो. महाराष्ट्राचे हक्क महाराष्ट्रातच मागायचे. पण मागायला तू महाराष्ट्राची राहिली पाहिजेस ना?"

मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी त्याच राज्याकडे मागायची असते. मुलगी बाहेरगावी शिकायला गेली आणि वसतिगृह मिळाले नाही, तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात, तेही महाराष्ट्राचा रहिवासी असेल तरच. शिवाय राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशाचे नियम दहावी-बारावी कुठून केली ते पाहतात. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या आत हवा. मी तिथेच हिशेब केला: नवा पगार आणि माझी शिलाई धरून वर्षाचे २,४६,००० होतात. चार हजारांनी आत. काका म्हणाले, "दिवाळीला जास्त ब्लाऊज शिवू नकोस." आम्ही दोघेही हसलो, पण मला घरी जाईपर्यंत त्या हसण्याचे वाईट वाटत राहिले.

घरी सांगितले तेव्हा मिस्टर चिडले. "म्हणजे पगार तिथे आणि हक्क इथे. माणसाचे दोन तुकडे करायचे का?" मी काही बोलले नाही. मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली, जी वापीहून आल्यापासून पोटात ठेवली होती. छीरीची खोली ही त्यांनी पाहिलेली दुसरी. पहिली खोली चांगली होती, नळ आत, मोरी आत. मालकाने आधी खातापिता काय ते विचारले, मग आडनाव विचारले, मग "फोन करतो" म्हणाला. फोन आला नाही. सोबत्याने वेगळे नाव सांगून विचारले तर खोली रिकामीच होती.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाबासाहेबांना बडोद्यात हेच केले." १९१७ ची ती गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढले. मिस्टर म्हणाले, "आई, त्याला शंभर वर्षे होऊन गेली." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगते."

पण एकाच राज्याला दोष द्यायला मी तयार नाही. इथे स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही खोली विचारायला गेलो होतो, तेव्हाही आडनावानंतर खोली अचानक भाच्याला देण्याचे ठरले होते. आणि ज्या छीरीत ३,२०० ची खोली मिळत होती तिथे शेजारी गुजराती वणकर कुटुंब होते. त्या घरातल्या भाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवून मिस्टरांना आधी 'जय भीम' घातला आणि मग चहा पाजला.

दोन रात्री बोलणे झाले. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते. सगळ्यांनी जाणे मुलीच्या अंगावर येणार होते. मुलगी म्हणाली, "मी इथे मावशीकडे राहते, तुम्ही जा." तेही मला पटले नाही. सतरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षे दुसऱ्याच्या घरात ठेवायचे, तिने स्वयंपाकघर सांभाळून अभ्यास करायचा, हे मी माझ्या लहानपणी पाहिले आहे. मावशी चांगली असते, पण तिच्या घरात काम असतेच.

शेवटी वहीचे नवे पान काढले. मिस्टर एकटे जाणार. चौघांत खोली, वाट्याला ८००. डबा २,८००. महिन्यातून दोनदा येण्याजाण्याचे ५००. मिळून ४,१००. घरात त्यांच्या जेवणाचा खर्च कमी होईल तो हजार. राहिले ३,१००. त्यातून पगारवाढीचे २,५०० वजा केले, तर महिना ६०० रुपये अंगावर पडतात. म्हणजे चार ब्लाऊज. दोन वर्षे, मुलीची बारावी होईपर्यंत. पुढचे पुढे पाहू.

वाचक भगिनींनो, हा मार्ग सगळ्यांना सांगावा असा मुळीच नाही. ज्यांची मुले लहान आहेत, किंवा शिकून नोकरीला लागली आहेत, त्यांनी भाडे पाहून खुशाल जावे. माझे म्हणणे एवढेच की टेम्पो बोलावण्याआधी मुलांचे दाखले एका पिशवीत भरून एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा, आणि त्यातला कोणता कागद हद्दीपलीकडे चालतो ते विचारा. जाणारच असाल तर मूळ दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, वडिलांचा जातीचा दाखला आणि राहण्याचे पुरावे बरोबर घ्या. वडिलांच्या दाखल्यावरून तिकडचे अधिकारी मुलांना स्थलांतरिताचा दाखला देऊ शकतात. तो केंद्राच्या कामाला उपयोगी पडतो.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहू शकले नाही. धाकटा रात्री बापाच्या अंगावर पाय टाकल्याशिवाय झोपत नाही. ते मी कोणत्या रकान्यात मांडू?

जुलैच्या पहिल्या सोमवारी मिस्टर गेले. सासूबाईंनी पाच किलो ज्वारीचे पीठ दिले. मी म्हटले, तिथे भाकरी कोण थापणार? तर मिस्टर म्हणाले, "मीच. अकरा वर्षे मशीन चालवली, भाकरी नाही जमणार?" पहिल्या आठवड्यात फोन आला की भाकरी नकाशासारखी होते पण पोटात जाते, शेजारच्या भाईंच्या घरून आमटी आली होती, आणि मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला का? उत्पन्नाचा दाखला अजून मिळालेला नाही. सेतूमध्ये गुरुवारी या म्हणून सांगितले आहे.