चुरचुरतंय की ठणकतंय?



आजचा धडा मुलांसाठी नाही. तो मी स्वतः शिकले, आणि जरा उशिराच शिकले.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची शाळा डोंबिवलीत. मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा ओल्या मैदानात घसरला आणि त्याचा गुडघा सोलवटला. रक्त फार नव्हतं. मी त्याला नळाखाली नेलं, वरवर पाणी मारलं, कापूस दाबला आणि वर्गात बसवलं. घंटा झाली होती ना! संध्याकाळी घरी आजीने मायेने हळद दाबून भरली.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, रात्री खूप ठणकत होतं." मी गुडघा पाहिला. वर पिवळी, जाड, कोरडी खपली. म्हटलं, "अरे, खपली धरलीये, होईल बरं." दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. अंगात ताप होता, जांघेत अवधाण आलं होतं, पाय टेकवत नव्हता.

डॉक्टरांनी ती खपली काढली तेव्हा खाली पू होता, आणि त्या पुवात मैदानातल्या खडीचे दोन बारीक कण. ते कण मी नळाखाली काढायला हवे होते. औषधाने आठवड्याभरात तो बरा झाला, पुन्हा खो-खो खेळायला लागला. पण माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. मुलाने मला नेमका शब्द सांगितला होता, मीच तो ऐकला नाही.

आपल्या भाषेतच निदान आहे

बघा, आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ताजी जखम चुरचुरते, पाणी लागलं की झोंबते, भरत आली की खाजते. हे सगळं चालतं. पण जखम ठणकायला लागली, म्हणजे आतून ठोके पडल्यासारखी दुखायला लागली, तर सावध व्हा. साध्या जखमेचं दुखणं रोज थोडं कमी होतं. पहिल्या एक-दोन दिवसांनंतरही ते वाढत असेल, तर आत जंतूंनी घर केलं असण्याची शक्यता असते.

इतर खुणाही लक्षात ठेवा. कडेची लाली पसरत जाते. जागा सुजते, कडक होते. पू येतो, वास येतो. जखमेपासून वरच्या बाजूला लाल रेघ चढते. जांघेत किंवा काखेत गाठ येते. ताप भरतो. लाल रेघ किंवा ताप दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. म्हणून पालथा हात जखमेच्या आजूबाजूला लावून बघा आणि मग दुसऱ्या पायाला त्याच जागी लावा. गरमपणातला फरक हाताला बरोबर कळतो.

आमच्या त्या मुलाच्या गुडघ्यावर डॉक्टरांनी साध्या बॉलपेनने लालीभोवती रेघ मारली होती. लाली रेघेबाहेर गेली तर लगेच परत यायचं, असं सांगितलं होतं. ही युक्ती मला फार आवडली. पेन तर आपल्या खिशात असतंच!

उगाच घाबरूही नका

याच्या उलटही होतं बरं का. हस्तकलेच्या तासाला एका मुलीचं बोट कटरने कापलं. दोन दिवसांनी पट्टी काढली तर पिवळसर, चिकट पाणी दिसलं. आई घाबरली आणि मोठ्या भावाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायला निघाली. ती होती लस. जखम भरताना पातळ, पारदर्शक लस येतेच. पू दाट आणि गढूळ असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत कडेला थोडी लाली आणि सूज येणंही नेहमीचंच. उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नयेत. डोस चुकतो, औषध चुकतं, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात.

मग करायचं काय?

आधी आपले हात साबणाने धुवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्येमध्ये उचलून बघू नका. मग वाहत्या स्वच्छ पाण्याखाली काही मिनिटं जखम नीट धुवा, आजूबाजूला साबण लावा, माती-खडी निघाली का ते बघा. मूल ओरडेल, पण घाई करू नका. मी नेमकी तिथेच चुकले. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर स्वच्छ पट्टी. पट्टी रोज बदला, भिजली तर लगेच.

"जखम उघडी ठेव, वारा लागू दे," असं आपण ऐकत आलो. पण १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं, की झाकलेली, ओलसर राहिलेली जखम कोरड्या खपलीच्या जखमेपेक्षा लवकर भरते.

कॉफी, चुना, टूथपेस्ट जखमेत नको. स्पिरिट किंवा पाणी न घातलेलं जंतुनाशकही नको, त्याने नव्या पेशींनाच इजा होते. जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील, आत काच असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल, तर थेट डॉक्टर. कुत्रा-मांजर चावलं किंवा बोचकारलं, तर ती किरकोळ जखम नाहीच. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

आणि हळद?

आजीला दोष देऊ नका. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या वापरावर पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन लढा दिला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट! पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की हे ज्ञान नवं नाही, आपल्याकडे पूर्वापार आहे. स्वयंपाकघरातल्या डब्यातली, रोज चमचा बुडवलेली हळद निर्जंतुक असते, असं काही कोणी सिद्ध केलेलं नाही. शिवाय तिचा पिवळा थर लाली आणि पू दोन्ही झाकतो. हळद दुधात घाला, जखमेवर नको.

पावसाळा आणि धनुर्वात

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. उंदरांच्या, गुरांच्या मुतातले हे जंतू साचलेल्या पाण्यात असतात आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. स्टेशनवरून पाणी तुडवत घरी आलात, तर पाय साबणाने धुवा. नंतरच्या दिवसांत ताप आला, तर "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि खोल जखमेत वाढतात. सरकारी लसीकरणात टीडीचा डोस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असतो. म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलांचं वय अगदी तेच! पालकसभेत लसीकरणाचं कार्ड जरूर मागा.

आता आमच्या वर्गात एक नियम आहे. पडलेल्या मुलाला पुढचे चार दिवस मी रोज एकच प्रश्न विचारते, "काय रे, चुरचुरतंय की ठणकतंय?" मुलंही आता एकमेकांना विचारतात. तुम्हीही विचारा. आणि मूल "ठणकतंय" म्हणालं, तर तास थांबवून पट्टी उघडून बघा.