उघडी वही

भीमेकाठच्या मांडवगण फराट्यात आमचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. हा उसाचा पट्टा. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि त्याचे बिलही हप्त्याहप्त्यांनी हाती येते. घरातली तेल-मिठाची, साखर-चहाची गरज मात्र रोजची. हे अंतर गावचा दुकानदार उधारीने भरून काढतो. म्हणूनच गावच्या दुकानात गिऱ्हाईक मालाबरोबर मुदतही घेऊन जाते.

आजोबांचा एक नेम होता. बाकीचा आकडा सांगण्यापूर्वी खात्यातली एकेक रक्कम तारखेसह मोठ्याने वाचायची. ज्याला अक्षरओळख नाही, त्याच्यासमोर तर अधिकच सावकाश. ‘‘शेठ, एवढं कशाला? तुमच्यावर विश्वास आहे,’’ असे कोणी म्हटले, तर ते उत्तर देत, ‘‘विश्वास आहे म्हणूनच वाचतो.’’

या नेमाचे मोल मला पुढे इतिहास वाचताना कळले. 12 मे 1875 रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याचे लोण आपल्या शिरूर तालुक्यातही पोहोचले. माणसांवरील हल्ले तुलनेने थोडे होते. रोष होता तो वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. त्यांत काय लिहिले आहे, हे ज्याच्या नावे लिहिले त्यालाच वाचता येत नव्हते. पुढे 1879 च्या कायद्याने शेतकरी ऋणकोला लेखी पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. आपल्या समाजाच्या व्यापारी इतिहासातील हे पान अप्रिय खरे, पण ते झाकून ठेवण्याजोगे नाही.

खोटे माप हा अचौर्याणुव्रताचा अतिचार आपण मानतो. न दाखवलेला आकडाही त्याच जातीचा, असे मला वाटते.

आज माझा मुलगा हिशेब मोबाईलवर ठेवतो. गिऱ्हाइकाला लगेच संदेश जातो. सोय मोठी आहे. तरी वस्तीवरच्या एखाद्या आजीला तो संदेश म्हणजे पुन्हा न वाचता येणारी वहीच. अशा वेळी सूनबाई तिला बसवून सगळ्या रकमा वाचून दाखवते. दुकानात गर्दी असली तरी त्यात खंड पडत नाही.

उधारी बंद करावी की चालू ठेवावी, हा प्रश्न आपल्या तरुणांपुढे आहे. ज्याने त्याने आपले भांडवल पाहून तो सोडवावा. पण दिवाळीला ज्या वहीची आपण पूजा करतो, ती गिऱ्हाइकासमोर उघडताना हात अडखळू नये, एवढी काळजी प्रत्येक पेढीने घ्यावी.